कांडपाच्या कर्जाला जामीन कोण

मिरचीच्या कांडपावर मी नऊ वर्षं रोजानं काम केलं. जिंतूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते दुकान होतं. पत्र्याची खोली, आत दोन उखळं, त्यांत वरखाली आपटणाऱ्या लोखंडी मुसळ्या आणि एक मोटार. संक्रांत उलटली की बाया मिरच्या घेऊन यायला लागायच्या, त्या पार पाऊस तोंडावर येईपर्यंत. वर्षाचं तिखट, काळा मसाला, लग्नाघरच्या आमटीसाठीचं येसर, सगळं माझ्या हातून जायचं. कुणाच्या मिरचीत ओल आहे, कुणाचं खोबरं जास्त भाजलंय, हे मला वासावर कळायचं.

दुकानाची मालकीण माझ्या आईच्या वयाची होती. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं. त्या वर्षी पौषात तिनं मला उंबऱ्यावर बसवलं आणि म्हणाली, "आता माझ्यानं होईना बाई. लेक परभणीला बोलवायलाय, जायलेय मी. मोंढ्यातला एक माणूस यंत्र मागायलाय. पण मला वाटतंय, तूच घ्यावंस."

"किती?" मी विचारलं.

तिनं दोन लाख सांगितले. मी हसले. ती हसली नाही.

"शिवरात्रीपर्यंत थांबते. मग त्याला देऊन टाकते. आणि ऐक, तो तुला ठेवणार न्हाई. त्याचे दोन भाचे रिकामे बसलेत."

म्हणजे यंत्र घेतलं नाही तर रोजही जाणार होता. मी घरी गेले. नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते जेवत होते. ते जिनिंगमध्ये कामाला, कापसाच्या हंगामापुरते. पोटात काही ठेवत नाहीत असं मी समजत होते, पण त्या दिवशी घास हातातच राहिला.

"बँकेतून काढावं लागंल," मी म्हटलं.

"काढ की. पण मला नको नेऊ."

"काहून?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "मी आलो तर तुझं काम बिघडंल." त्यापुढं काही सांगेनात.

बँकेत मी त्याआधीही गेले होते, पण पासबुकावर शिक्का मारून घ्यायला. आत, टेबलापाशी, खुर्चीत बसून बोलायला कधी गेले नव्हते. काचेचं दार ढकलायचं की ओढायचं हे कळेना म्हणून मी मागून कुणी येईपर्यंत बाहेर थांबले. कर्जाचं बघणारे साहेब माझ्या मोठ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी माझा अर्ज बघितला, मग माझ्या मागं बघितलं.

"मालक कुठायत?"

"मालकीण हाय. ती परभणीला जायलीय," मी म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. साहेबांनी समजावून सांगितलं, "दुकानाचे नाही हो. तुमचे मालक. मिस्टर."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ते कामावर गेलेत."

"मग उद्या घेऊन या. घरच्या माणसाला विचारल्याबिगर बाईमाणसाला पैसे दिले की भांडणं आमच्या दारात येतात. तुम्ही काम करता हे दिसतंय मला, पण सही त्यांची लागेल."

नऊ वर्षं मी त्या मोटारीचा पट्टा बदलत होते. मुसळीचं टोक झिजलं की लोहाराकडून भरून आणत होते. नवऱ्यानं त्या खोलीत कधी पाऊलही टाकलं नव्हतं. हे सगळं मला बोलायचं होतं. मी "बरं साहेब" म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी नवरा आला. धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून आला. साहेबांनी त्यांचं आधार कार्ड घेतलं, कॉम्प्युटरात आकडे टाकले आणि पडदा आमच्याकडं फिरवला. मला त्यातलं काही वाचता आलं नाही. नवऱ्याच्या तोंडाकडं बघूनच कळलं. पाच वर्षांपूर्वी ते एका दोस्ताच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन राहिले होते. दोस्त टेम्पो विकून पुण्याकडं निघून गेला. हप्ते बुडाले आणि माझ्या नवऱ्याचं नाव त्या कॉम्प्युटरात तसंच लाल होऊन पडलं होतं. पाच वर्षं ते हे एकट्यानं घेऊन फिरले होते.

"यांच्या नावानं होणार नाही," साहेब म्हणाले. "दुसरा जामीनदार आणा. जमीनवाला. भाऊ आहे का तुम्हाला?"

"हाय. धाकटा."

"गाव कुठलं? वडिलांचं नाव सांगा."

मी सांगितलं. त्यांनी टाइप केलं. बाहेर लोक रांगेत उभे होते, कुणाच्या तरी लेकराचं रडणं चाललं होतं. साहेब पडद्यावर वाकले आणि म्हणाले, "अहो, या सातबाऱ्यावर दोन नावं आहेत. एक तुमच्या भावाचं. आणि हे दुसरं तुमचंच आहे की."

आई आधीच गेली होती, बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. तलाठ्यानं वारस लावताना माझंही नाव लावलं होतं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. लेकीनं विचारायचं नसतं. सासरी जाताना जे दिलं ते दिलं. त्यानंतर दिवाळीला साडी, पंचमीला बोलावणं, लेकरांच्या लग्नात आहेर. यातलं सगळं टिकावं म्हणून जमिनीकडं बघायचं नाही, हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, आपोआप कळतं. आमच्याच भावकीतल्या एका आत्यानं वाटा मागितला होता. पुढं ती वारली तेव्हा माहेरचं एकही माणूस मातीला गेलं नाही.

पडद्यावर माझं नाव होतं आणि मला चोरी पकडल्यासारखं झालं.

"साहेब, ते बंद करा," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी कागद छापून माझ्या हातात दिला. "घाबरता कशाला? चांगलंच आहे की. भावाला घेऊन या. तो जामीन राहिला की काम झालं."

मी कागदाची घडी घालत होते तेव्हा रांगेतला एक म्हातारा माझ्याकडं बघत होता. माझ्या माहेरगावचाच. त्यानं हात वर केला. मीही केला. कागद पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. मी कांडपावर होते, दोन्ही मुसळ्या चालू होत्या. मोटार बंद केली तेव्हा एकदम इतकी शांतता झाली की बाहेर बसलेल्या बायाही माझ्याकडं बघायला लागल्या.

"आक्का, तू बँकेतून आपला सातबारा काढलास म्हणं?"

माझा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई आजारी असायची, म्हणून त्याला कडेवर घेऊन मी शाळेत गेलेली. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रागाचा नव्हता. हळू होता, जपून ठेवलेला.

"तसं न्हाई रे. ऐक तर…"

"फोनवर नको. ये घरी. काका बी येतेत."

त्यानं चुलत्याला बोलावलं होतं. आमच्या भावकीत चुलता बसला म्हणजे ती बैठक होते, बोलणं राहत नाही.

मी एकटीच गेले. नवरा म्हणाला, येऊ का, आणि माझ्या लक्षात आलं की जावई सोबत दिसला तर वाटा मागायलाच आली असं ठरेल. एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. रस्त्याला दोन्हीकडं तुरीची कापलेली शेतं, हरभरा पिवळा पडायला आलेला. पिशवी मांडीवर धरून मी मनातल्या मनात बोलणं जुळवत होते. मला वाटा नको, फक्त तुझी सही पाहिजे. वाटा नको, सही पाहिजे. पण तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणताना मला दुसरीच भीती वाटायला लागली. वाटा नको म्हणाले तर ते म्हणतील, मग तसं लिहून दे.

फाट्यावर उतरले. दरवेळी भाऊ मोटारसायकल घेऊन उभा असायचा. त्या दिवशी कुणी नव्हतं. मी चालत गेले.

भावजय दारात आली. तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि ओसरीवरच्या खुर्चीकडं हात केला. या घरात मला कुणी कधी खुर्ची दिली नव्हती. मी आले की चप्पल काढून सरळ चुलीपाशी जायची, पिठाच्या डब्यात हात घालायची. भावजय आत गेली आणि तिनं मधलं दार ओढून घेतलं. मी परक्या माणसासारखी पाय जुळवून बसले.

चुलते समोर लोडाला टेकले होते. भाऊ उंबऱ्यावर, तोंड अंगणाकडं करून बसला होता.

चुलते म्हणाले, "कागद आणलास का?"

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो उघडलाही नाही.

"लेक म्हंजे पाव्हणी. पाव्हण्यानं घरात यावं, जेवावं, चोळीचा खण घेऊन जावं. घराचे कागद बगू नये. तुव्ह्या बापानं तुला काय कमी केलं व्हतं?"

"काका, मला रान नको. मला कांडप घ्यायचंय. जामीन पाहिजे. यानं सही केली तर…"

"बाईला कशाला पाहिजे कांडप? तुव्हा नवरा मेला का?"

मी नजर काढून घेतली. मधल्या दाराच्या फटीतून भावजयीच्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. ती उभी राहून ऐकत होती. चुलते सांगत होते, बाईच्या नावानं कर्ज निघालं की लोक नवऱ्याला हसतात. उद्या हप्ता थकला तर बँक रानावर येईल, आणि तेव्हा हा दोन लेकरं घेऊन कुठं जाईल. हे शेवटचं खरं होतं. तीच भीती मलाही होती. पावसाळ्यात कांडप बंदच असतं, ते चार महिने हप्ता कुठून भरणार होते मी?

 मग चुलत्यांनी निकाल दिल्यासारखं सांगितलं, "असं करा. तू हक्कसोड करून दे. नाव काढून टाक. मग हा तुला जामीन राहील. तुमची बी सोय, याची बी."

मी भावाकडं बघितलं. तो अंगणात बघत होता.

"तुला काय वाटतंय?" मी त्याला विचारलं.

"काका म्हणतेत ते बराबर हाय," तो म्हणाला. वळला नाही.

मी हो म्हणाले. अशा वेळी माणूस विचार करत असेल असं वाटतं, पण मी काही केला नाही. फक्त त्या ओसरीवरून उठून जायचं होतं. निघताना भावजयीनं कुंकू लावलं. 

रजिस्ट्रीला दोन दिवसांनंतरची तारीख ठरली. त्या दोन दिवसांत मी नीट जेवले नाही. नवरा म्हणाला, "करून टाक. आपल्याला त्या रानाचं काय करायचंय?" मलाही तसंच वाटत होतं. सही केली की भीती जाईल, भाऊ परत फाट्यावर गाडी घेऊन उभा राहील, यंत्र मिळेल. एका सहीत इतक्या गोष्टी होणार होत्या.

जिंतूरच्या त्या ऑफिसात सकाळपासून गर्दी होती. स्टॅम्प लिहिणाऱ्यानं दस्त तयार ठेवला होता. भाऊ आला होता, चुलते साक्षीला, गावातला आणखी एक साक्षीला. आमचा नंबर लागला तेव्हा मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. समोरच्या पडद्यावर एक बाई दिसली, डोळे खोल गेलेली, पदर घट्ट धरलेली. ती मीच आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

रजिस्ट्रीचे साहेब चष्मा लावून दस्त वाचायला लागले. रोज पन्नास वेळा वाचत असतील, तसं भराभर. "…माझ्या स्वखुशीनं, कुणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता, माझा हक्क कायमचा सोडून देत आहे…" मग मान वर करून म्हणाले, "बाई, बरोबर आहे ना? मोबदला काही घेतला नाही ना?"

मी नाही म्हणायचं होतं. स्टॅम्प लिहिणाऱ्यानं मला दोनदा सांगून ठेवलं होतं, साहेब विचारतील, तुम्ही नाही म्हणायचं.

"घ्यायचाय साहेब," मी म्हणाले.

"काय?"

"मी सही केली की भाऊ मला बँकेत जामीन राहणार हाय. त्यासाठीच करायलेय."

 मी हे धीर धरून बोलले असं कुणी समजू नये.  साहेब सरकारी माणूस, त्यांनी विचारलं, आणि सरकारी माणसापुढं खोटं बोलायची मला जास्त भीती वाटली, एवढंच असेल. साहेबांनी चष्मा काढला. दस्त चुलत्यांच्या दिशेनं सरकवून म्हणाले, "असं असेल तर मी हा नोंदवत नाही. बाहेर जा, घरात काय ते नीट ठरवा, मग या. पुढचा नंबर."

बाहेर आल्यावर चुलते सगळ्यांच्या देखत ओरडले, "आजपासून तुला म्हायेर न्हाई. मेली तरी कळवू नको." ते साक्षीदाराला घेऊन निघून गेले. लोक बघत होते. मी झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

भाऊ गेला नव्हता. मोटारसायकलपाशी उभा होता. मला वाटलं आता हा काही करेल. लहानपणी कधी हात उगारला नाही त्यानं, पण त्या दिवशी मला त्याची भीती वाटली. माझ्या सख्ख्या भावाची. तो आला आणि पायरीवर माझ्यापासून हातभर अंतर सोडून बसला.

"सहा वर्षं झाली, आक्का," तो म्हणाला. "दर राखीला तू आलीस की मला वाटायचं, आज म्हणंल. आज वाटा मागंल. ओवाळताना तुझ्या तोंडाकडं बगवत नव्हतं मला."

"मला तर माहीतच नव्हतं रे नाव हाय म्हणून."

"ते बी भ्याव व्हतं. सांगितलं तर कळंल, न सांगितलं तर एक ना एक दिस कळंलच." तो नखानं पायरीवरची माती उकरत होता. "मला पीककर्ज मिळंना. बँकवाले म्हणतेत, बहिणीची संमती आण. कशी आणू? दरसाली बी-खत उधारीवर घ्यायलोय, दुकानदार सांगंल त्या भावानं."

मी त्याच्याकडं बघत राहिले. ज्या कागदामुळं मला कर्ज मिळत नव्हतं, त्याच कागदामुळं त्यालाही मिळत नव्हतं. आणि दोघंही सहा वर्षं एकमेकांना भीत राखी-पौर्णिमा करत होतो.

"एकदा विचारायचंस तर," मी म्हणाले. "मी संमती दिली असती."

"अन् नाव काढ म्हणलो असतो तर?"

 सकाळी साहेबांनी दस्त वाचून विचारेपर्यंत मी नक्की नाव काढलं असतं. आता नाही म्हणवत नव्हतं, आणि हो म्हणायचीही इच्छा राहिली नव्हती.

"नाव राहू दे," मी शेवटी म्हणाले. "रान तूच कर. मी गुंठाभर मागणार न्हाई, तुझ्या जिवंतपणी. पण नाव राहू दे. तुला कर्ज पाहिजे तवा मी येऊन सही करते. मला पाहिजे तवा तू कर."

तो उठला, गाडीला किक मारली आणि गेला.

शिवरात्र आठ दिवसांवर होती. पहिल्या दिवशी फोन नाही. दुसऱ्या दिवशी मीच लावला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मोंढ्यातला तो माणूस दोन्ही भाच्यांना घेऊन दुकानात आला. पोरं मुसळीला हात लावून बघत होती, मोटार चालू करून बघत होती. मालकीण कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघत होती, आणि मी गिऱ्हाइकाचं तिखट चाळत होते. चाळणी हातातून निसटली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिखट माझ्या डोळ्यांत गेलं. मी मोरीत जाऊन कितीतरी वेळ डोळ्यांवर पाणी मारत होते. बरं झालं, रडले ते कुणाला कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बँकेतून फोन आला. "बाई, तुमचे बंधू येऊन बसलेत. तुम्ही कुठं आहात?"

मी धावत गेले. भाऊ साहेबांच्या टेबलापुढं बसला होता, मांडीवर कागदांची पिशवी. माझ्याकडं न बघता साहेबांना म्हणाला, "कुठं करायची सही, दाखवा." त्यानं सात ठिकाणी सह्या केल्या. हळू, लहान पोरासारखं अक्षर काढत. साहेब म्हणाले की नवऱ्याचीही संमती लागेल. मी म्हटलं, त्यांचं नाव तर तुमच्याकडं चालत नाही. साहेब म्हणाले, "कर्जाला चालत नाही, संमतीला चालतं." मग नवऱ्याला जिनिंगवरून बोलावलं. ते केसांत, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन आले आणि त्यांनीही सही केली. माझ्या कर्जावर दोन पुरुषांच्या सह्या झाल्या आणि मग माझी.

दोन लाख मागितले होते, दीड मंजूर झाले. बाकीचं मी गळ्यातलं मोडून भरलं. मालकिणीनं शिवरात्रीच्या दिवशी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परभणीला गेली.

यंत्र माझं झालं तरी भीती गेली असं नाही. त्या उन्हाळ्यात मी उजाडायच्या आत दुकान उघडायचे. मोटारीचा आवाज जरा बदलला की मी हातातलं टाकून तिच्यापाशी पळायचे. बँकेचा माणूस पाहणीला आला, त्यानं दारातूनच विचारलं, "मालक आहेत का?" मी हातातलं फडकं ठेवलं आणि म्हटलं, "बसा, मीच हाय." तो बसला नाही. फोटो काढून गेला. गल्लीत दोन दिवस चर्चा चालली की कोण माणूस आला होता, फोटो कशाला काढला. पावसाळ्याचे हप्ते मी कसे भरले ते माझं मला माहीत. डाळी भरडून दिल्या, हळद कुटली, एका हॉटेलवाल्याला मसाला करून दिला. एकही हप्ता मागं पडू दिला नाही, कारण प्रत्येक हप्त्यामागं मला भावाची दोन लेकरं दिसायची.

जूनमध्ये त्याचा फोन आला, "सहीला ये." मी त्याच्या बँकेत गेले, संमती लिहून दिली. त्यानं मला बाहेर चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. घरी चल म्हणाला नाही. चुलत्यांमुळं म्हणता येत नव्हतं. त्या दिवाळीला साडी आली नाही. राखीला मी गेले नाही, पोस्टानं पाठवली.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी दुकानात गर्दी होती. बाया ओळीनं डबे ठेवून बसल्या होत्या. वर बघितलं तर त्यांच्यात भावजय. डोक्यावर मिरच्यांचं बोचकं घेऊन एसटीनं इतक्या लांब आली होती. गावात दोन कांडपं असताना.  नंबर आल्यावर तिनं बोचकं सोडलं. मिरच्या चांगल्या वाळलेल्या होत्या, देठं काढून आणलेल्या. मी कुटत राहिले, ती नाकाला पदर लावून शेजारी उभी राहिली. हळूहळू बाकीच्या बाया पांगल्या.

मी मोटार बंद केली. तिनं आधी दाराबाहेर वाकून बघितलं, मग परत आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "आक्का, रागावू नका. मला एक सांगाल का? माझ्या बापाच्या सातबाऱ्यावर माझं बी नाव आसंल का हो?"

"बाप कधी गेले तुझे?"

"दोन वर्षं झाली. तीन भाऊ हायेत."

मी हात पुसून मोबाइल काढला; त्यावर सातबारा बघायला मी लेकीकडून शिकले होते. "गावाचं नाव सांग. आत्ता दिसंल."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तो मी ओळखत होते.

"आज नको," ती म्हणाली. "मिरच्या कुटायला जाते म्हणून सांगून आलेय. पुन्हा येते."

तिनं तिखटाचा डबा कापडात बांधला. मी कुटाईचे पैसे घेतले नाहीत, ती ठेवायला लागली तर हात धरला. गाडीला वेळ होता, पण ती थांबली नाही. मी दारात उभी राहून बघत होते. स्टँडच्या वळणावर जाईपर्यंत तिनं तीनदा मागं वळून बघितलं.